पाटलीवरचा पांढरा डाग

नाशिक
सप्टेंबर २०२४

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला घानातल्या प्रा नदीचा व्हिडिओ चार वेळा पाहिला. तुझ्या आईला आधी वाटलं, कुणीतरी विटांसाठी माती कालवून ठेवलीय. मी म्हटलं, अगं, ही नदी आहे. तर म्हणाली, "आपल्या गंगेला पूर आला तरी एवढं दाट पाणी नसतं." खरं आहे. २००८ च्या पुरात गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं, तेव्हाही असा रंग मी पाहिला नव्हता. आणि आपलं पाणी चार दिवसांत निवळतं. तुमच्याकडे सोन्यासाठी पात्र उकरतात म्हणून पाऊस नसतानाही नदी अशीच, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला.

ऑगस्टमध्ये तिथल्या पाणीपुरवठा कंपनीने स्वतःच सांगितलेला आकडा तू कळवलास. पाणी गाळायचा प्लांट बांधलाय २,००० एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) हिशोबाने आणि नदीतून येतंय सरासरी १४,००० चं पाणी. अरे, मी एकतीस वर्षं फिल्टर प्लांटवर काढली. आषाढात गंगापूर धरणाचं पाणी गढूळलं आणि रीडिंग तीन आकडी झालं, की आमचे केमिस्ट जेवायचा डबा उघडायचे नाहीत. प्यायच्या पाण्याला आपल्याकडे मर्यादा आहे एक एनटीयू, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर पाच. चौदा हजारांचं पाणी गाळायचं म्हणजे शेत गाळण्यासारखं आहे.

तू विचारलंस तुरटी किती वाढवू. मनाने वाढवू नकोस. जार टेस्ट कर, आणि दिवसातून एकदा नाही, दर पाळीला कर. सहा जार ओळीने लाव, प्रत्येकात वेगळा डोस, आणि पॅडल थांबल्यावर खाली वाकून बघ. आकड्यांच्या आधी डोळ्यांना कळतं. चांगला फ्लॉक, म्हणजे तुरटीने गोळा झालेला गाळ, असेल तर साबुदाण्यासारखा दाणा धरतो आणि सरळ खाली उतरतो. डोस चुकला की नुसतं ताकासारखं फिरत राहतं. तुरटी पाण्यातली अल्कता खाते, पीएच घसरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं, मग कितीही ओत, दाणा धरणार नाही. चुन्याची निवळी हाताशी ठेव. आणि मुख्य म्हणजे साहेबाला सांग, फिल्टरच्या आधी नुसतं पाणी थांबवायला एखादा तलाव खोदा. तोवर प्लांट पाव क्षमतेने चालवा. लोक ओरडतील, ओरडू देत. वाळू चोंदली तर तेही पाणी जाईल.

आता जे फोनवर बोलता आलं नाही ते. बाजूला आई होती.

तू लिहिलंस, "बाबा, आता जार काचेसारखा स्वच्छ दिसतोय." तिथेच थांबू नकोस. गढूळपणा हा गाळाचा हिशोब आहे. नदीत सोनं काढणारे ते लोक माती धुताना पारा वापरतात, आणि पारा डोळ्यांना दिसत नाही. आपल्या मानकात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत मिळून एक मिलिग्रॅम. तो मोजायचं यंत्र तुमच्या प्लांटवर नसणार, नमुना बाहेर पाठवावा लागेल. बराचसा पारा गाळाच्या कणांना चिकटून येतो आणि तुरटीने त्यांच्याबरोबर खाली बसतो. चांगलंच आहे, पण म्हणजे तो तुमच्या स्लजमध्ये, तळाच्या गाळात आला. ते स्लज आणि बॅकवॉशचं, फिल्टर उलटा धुतल्याचं, पाणी कुठे सोडता? नदीतच सोडत असाल तर खालच्या गावाला तुम्ही गाळ आणि पारा दोन्ही गोळा करून देताय.

आणि मासे. तळाच्या चिखलात जिवाणू पाऱ्याचं मिथाइल पारा करतात, तो किड्यांत जातो, किड्यांतून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात, प्रत्येक पायरीला वाढत. मोठा मासा शिजवला, तळला तरी तो जात नाही. जपानात मिनामाताला १९५६ साली असे मासे खाऊन होणारा आजार उघड झाला, तिथे पारा कारखान्यातून आला होता आणि मांजरं आधी झटके येऊन मेली होती. पाऱ्यावरच्या जागतिक कराराला त्याच गावाचं नाव दिलंय. तू नदीतला मोठा शिकारी मासा खाऊ नकोस. समुद्रातले छोटे खा, बांगड्याएवढे.

सोन्याच्या मोठ्या खाणी सायनाइड वापरतात, ते तू पाहिलं असशीलच. २००० च्या जानेवारीत रुमानियात बाया मारेला सोन्याच्या खाणीच्या सांडपाण्याचा बांध फुटला आणि एक लाख घनमीटर सायनाइडचं पाणी तिस्झा नदीत जाऊन पुढे डॅन्यूबला मिळालं. मेलेले मासे टनांनी काढले. तरी सायनाइड उन्हात, हवेत हळूहळू फुटतं. पारा फुटतच नाही, तो मूलद्रव्य आहे, फक्त जागा बदलतो. माझ्या लेखी तोच जास्त वाईट.

तू पुढे लिहिलंस, हे गॅलमसीवाले, बेकायदा सोनं काढणारे, चोर आहेत, यांना नदीतच बुडवलं पाहिजे. इथे मला थांबावं लागलं.

आजोबा सराफ बाजारात कामाला होते, एवढंच तुला माहीत आहे. काय काम, ते मी कधी सांगितलं नाही. ते झारेकरी होते. सोनारांच्या दुकानातला केर, शेगडीची राख, पायपोसं झटकलेली धूळ, हे सगळं पैसे मोजून विकत आणायचे. लग्नसराईनंतर केर महाग असायचा. वाड्याच्या मागच्या मोरीपाशी बसून परातीत धूळ हलवत हलवत पाण्याने धुवायची, हलकी वर येईल ती सोडून द्यायची. उरलेल्या काळ्या साक्यात पारा घालून खलायचा. पारा सोनं गिळतो, राख गिळत नाही. मग मलमलच्या फडक्यात बांधून पिळायचं, सुटा पारा थेंबाथेंबाने वाटीत पडायचा आणि फडक्यात चण्याएवढी पांढुरकी गोळी राहायची. ती मुशीत ठेवून शेगडीवर. फुंकणी मी फुंकायचो, आठ-नऊ वर्षांचा असेन. पारा धूर होऊन जायचा आणि मुशीच्या बुडाशी सोन्याचा ठिपका राहायचा. धूर कुठे जातो हा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नाही. मोरीचं पाणी गटारात आणि गटार गंगेत, हे तर सगळ्यांनाच माहीत होतं.

वाटीतल्या पाऱ्याशी आम्ही भावंडं खेळायचो. बोटाने दाबला की दहा थेंब, वाटी हलवली की परत एक. एकदा आजीने ती वाटी उचलली आणि तिच्या पाटलीला पारा लागला. बघता बघता सोन्याची पाटली चांदीसारखी पांढरी पडली. ती रडायलाच लागली, नवऱ्याने खोटी पाटली केली म्हणून! आजोबा हसले, पाटली विस्तवावर धरली, पिवळी झाली. मात्र तेवढी जागा कायम मंद राहिली. ती पाटली आता तुझ्या आईच्या डाव्या हातात आहे. पुढच्या वेळी आलास की बघ, मनगटाच्या आतल्या बाजूला.

शेवटची काही वर्षं आजोबांना चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. वयामुळे, असं घरात म्हणायचे. मीही म्हणायचो, पाऱ्याबद्दल वाचेपर्यंत.

म्हणून त्या लोकांना चोर म्हणताना जरा जपून. चांगफान नावाची गाळ उपसायची यंत्रं लावून नदीचं पात्र उकरणारा मालक वेगळा आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून घमेलं हलवणारा पोरगा वेगळा. मालकावर जेवढा चिडायचंय तेवढा चीड. पोरग्याला कुणीतरी झाकणाचं पात्र द्यायला हवं, ज्यात पाऱ्याची वाफ परत थंड होऊन खाली येते. रिटॉर्ट म्हणतात त्याला. आजोबांना त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. फिलिपीन्समध्ये काही ठिकाणी पाऱ्याऐवजी टाकणखार वापरून सोनं काढतात, तोच टाकणखार जो आपल्या सोनारांकडे डाक लावायला असतो. हे वाचलं तेव्हा मला राग आला, खरं सांगतो. टाकणखाराची पुडी आमच्या कोनाड्यातच होती.

जार टेस्टची रीडिंग मला पाठवत जा, मला दुसरं काम नाही. आई चिवडा पाठवतेय, कुणी येणारं असेल तर कळव.

एक राहिलं. गणपतीच्या आधी माळा झाडला, तेव्हा आजोबांची मूस सापडली, काळी, तळाला तडा गेलेली. आई म्हणाली, घासून तुळशीची कुंडी करू. मी हातातून काढून घेतली. प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून गॅलरीत ठेवलीय. घंटागाडीत टाकावी तर पाथर्डीच्या खतप्रकल्पावर जाणार, म्हणजे कुणाच्या तरी शेतात. गंगेत तर नाहीच. तीन आठवडे झाले, डबा तिथेच आहे. तुमच्या लॅबवाल्यांना विचार, असलं काही कुठे द्यायचं असतं.

तुझा,
बाबा