धूर तपासता, मग इंडिकेटर का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोंडी, खड्डे आणि बंद सिग्नल यांवर आपल्या सदरात पत्रे येतच असतात. दुचाकीच्या इंडिकेटरबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. शाहूपुरीत मी गाड्यांच्या वायरिंगची कामे करतो, तेव्हा मीच लिहितो. हॉर्न बंद पडला की गिऱ्हाईक त्याच दिवशी दारात. इंडिकेटर बंद पडला तर महिनोन्महिने फिरकत नाही, आणि आले तरी दुसऱ्याच कामासाठी. विचारले की उत्तर ठरलेले, "ऱ्हाऊ दे की, हात दाखवतोय न्हवं!"

उजवीकडे वळताना हात दाखवायचा तो उजवाच. ॲक्सिलरेटर त्याच हातात आणि पुढचा ब्रेकही त्याच हातात. म्हणजे गाडी आवरायची नेमक्या त्या वेळी हात हवेत. त्यात पावसाळ्यात काळा रेनकोट असला तर मागच्याला तो हात दिसतच नाही. रात्री गगनबावडा रस्त्याने फुलेवाडीकडे येताना पुढे उसाची ट्रॉली, मागे डंपर, आणि मधला दुचाकीवाला एकदम वळतो. तिथे हात काय कामाचा?

इंडिकेटर धडकेतच तुटतात असे नाही. जास्त तुटतात पार्किंगमध्ये. महाद्वार रोडवर सणाच्या गर्दीत गाड्या एकमेकींत अडकवून लावलेल्या असतात. आपली ओढून काढताना इंडिकेटर शेजारच्या गाडीच्या ब्रेकच्या दांडीत अडकतो, रबर फाटते आणि तो वायरीवर लोंबकळू लागतो. मग चिकटपट्टी. चिकटपट्टीच्या फटीतून आपला चार महिन्यांचा पाऊस आत शिरतो, बल्बचा होल्डर गंजतो, अर्थिंग म्हणजे वीज परत जायची जोडणी तुटते. गिऱ्हाईक म्हणते बल्ब गेला. बल्ब धडधाकट असतो; होल्डर पॉलिश पेपरने घासला की लागतो.

ओळखायची एक सोपी खूण सांगतो. एका बाजूचा इंडिकेटर नेहमीच्या चालीने लुकलुकतो आणि दुसऱ्या बाजूचा घाईघाईने टिकटिकतो, तर त्या घाईच्या बाजूचा एक बल्ब पेटत नाही. इंडिकेटरला लुकलुकवणारा सुटा भाग म्हणजे फ्लॅशर. जुना फ्लॅशर बल्बच्या लोडवर, म्हणजे बल्ब किती वीज ओढतात त्यावर चालतो. लोड कमी झाला की त्याची चाल बदलते. दोन्ही बाजू मेल्या असतील तर आधी फ्यूज बघायचा, मग फ्लॅशर, मग हँडलवरचे बटण. पुढचे दोन अधूनमधून बंद पडत असतील तर हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून बघा, वायर हँडलच्या मानेपाशी वाकून वाकून आतून तुटलेली असते. बाहेरचे वेष्टण शाबूत, म्हणून दिसत नाही.

बहुतेक गाड्यांत बल्ब १२ व्होल्ट १० वॉटचा असतो, किंमत वडापाव-चहाएवढी. पुष्कळ जुन्या मॉडेलना काच आणि रबर सुटे मिळते. तरी "पूर्ण सेटच बदला" म्हणणारे आहेत. काच तडकली म्हणून चारही इंडिकेटर बदलायची गरज नसते.

कॉलेजच्या पोरांचे वेगळेच. त्यांना बारीक एलईडी पट्ट्या हव्यात, त्याही निळ्या किंवा पांढऱ्या. इंडिकेटरचा रंग नियमानुसार नारिंगी-पिवळाच हवा आणि लुकलुकणे मिनिटाला ६० ते १२० वेळा. एलईडी १० वॉटचा लोड घेत नाही, म्हणून जुन्या फ्लॅशरवर ती वेड्यासारखी फडफडते. त्यासाठी एलईडीचा वेगळा फ्लॅशर मिळतो, तो घालावा. काच पांढरी असेल तर आत नारिंगी बल्ब घालावा, साधा नव्हे. आणि चौकात सरळ जायचे म्हणून चारही इंडिकेटर लावणाऱ्यांना तर हात जोडतो! बाजूने येणाऱ्याला त्यातली एकच बाजू दिसते आणि त्याला वाटते, हा वळणार.

आता मुद्द्याचे. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची. नूतनीकरणाला आरटीओत नेईपर्यंत तिचे दिवे कोणी सक्तीने तपासत नाही. पीयूसीसाठी, म्हणजे धूर तपासायला, मात्र तीच गाडी वर्षाला किंवा सहा महिन्यांनी केंद्रावर उभी राहते. यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये असताना तिथल्या माणसाने डावे-उजवे बटण दाबून बघितले तर अर्धा मिनिटही जाणार नाही. प्रमाणपत्र अडवा असे माझे म्हणणे नाही. "मागचा उजवा बंद आहे" एवढे गाडीवाल्याला सांगितले तरी निम्मे लोक दुरुस्त करून घेतील. सर्व्हिसिंग करणाऱ्या मिस्त्रींनीही ऑईल बदलताना हे बघावे.

दंड आहेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. पण दंड भरून इंडिकेटर लागत नाही. माणूस पैसे भरतो आणि तसाच पुढच्या चौकात वळतो. वाहतूक शाखेने पहिल्या खेपेला आठ दिवसांची मुदत द्यावी, दुरुस्त गाडी दाखवली की सोडावे, नाही दाखवली तर खुशाल पावती फाडावी. दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, सायबर चौक अशा दोन-तीन ठिकाणी महिनाभर करून बघायला हरकत नसावी.

कळावे,
शाहूपुरीतील एक वायरिंग कारागीर, कोल्हापूर