ऊसतोडीला गेलेल्यांचे मत कोण राखणार?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक झाली की टक्केवारीचे आकडे छापून येतात आणि कमी मतदानाचे खापर मतदाराच्या उदासीनतेवर फुटते. मी चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर अंगणवाडी सेविका होते. बीएलओचे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे) कामही बरीच वर्षे माझ्याकडे होते, म्हणजे घरोघर जाऊन मतदारयादी तपासायची. त्या अनुभवावरून सांगते, आमच्या पावरा, भिल्ल, तडवी माणसांना मतदानाचा कंटाळा मुळीच नाही.

2024 सालचेच बघा. आमच्या रावेर लोकसभेचे मतदान 13 मे रोजी होते. मे महिन्यातले जळगाव जिल्ह्याचे ऊन मी वाचकांना सांगायला नको. तरी सकाळी शाळेच्या ओट्यापासून फाटकापर्यंत रांग. बाया लेकरू कडेवर घेऊन उभ्या, म्हाताऱ्यांना पोरांनी मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलेले. माणसे घरी होती म्हणून मतदान झाले, एवढे साधे आहे ते.

विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला आले. भाऊबीज 3 तारखेला झाली आणि पाठोपाठ मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांचे ट्रक पाड्यावर लागायला लागले. दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जायचे तर नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते आणि बियाण्यात, दवाखान्यात संपलेलीही असते. ट्रक आला की भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरे सगळे वर चढते. ‘मतदान करून येतो’ असे मुकादमाला म्हणायची सोय नसते. राज्यात त्या वेळी 66 टक्क्यांच्या आसपास मतदान झाले, कौतुकही झाले. आमच्या पाड्यावर मात्र दारांना काट्या लावलेल्या आणि आत-बाहेर म्हातारी माणसे तेवढी.

चोपडा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. शिरपूर, साक्री, शहादा, नंदुरबार, नवापूर, अक्कलकुवा हेही राखीव. आदिवासींची लोकसंख्या मोठी म्हणूनच या जागा राखीव झाल्या. ज्यांच्या संख्येवर जागा राखीव ठरली, त्यांतल्याच कितीतरी माणसांना मतदानादिवशी परराज्यातल्या फडात कोयता चालवावा लागतो. याचा मला मनापासून संताप येतो.

कायदा आहे, असे कोणी म्हणेल. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135 ब प्रमाणे मजुरालासुद्धा मतदानादिवशी भरपगारी सुटी द्यायची आहे. न देणाऱ्या मालकाला दंड किती, तर 500 रुपयांपर्यंत. आणि सुटी मिळाली तरी ती एका दिवसाची, रस्ता रात्रभराचा, भाडे दोघांचे जाऊन-येऊन. मग गाडी पाठवतो कोण? उमेदवाराची माणसे. मतदारांना फुकट ने-आण करण्यासाठी उमेदवाराने गाडी लावणे हा त्याच कायद्याने भ्रष्टाचार ठरतो, पण ज्याला दुसरी गाडीच नाही तो त्या गाडीत बसणार. आणि गाडीत बसलेल्या माणसाला वाटभर काय सांगितले जात असेल, हे वेगळे लिहायला नको.

पण याहून मोठे दुखणे यादीचे आहे. दरवर्षीचे पुनरीक्षण बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि अंतिम यादी जानेवारीत लागते. हरकती घ्यायचा महिना तो नेमका पाडा रिकामा व्हायचा महिना. तपासणीला गेलेल्या माणसाला दार बंद दिसते, शेजारची म्हातारी ‘गुजरातमा गयात’ म्हणते, आणि शेरा पडतो ‘स्थलांतरित’. पुढे नाव गेले. होळीला ते कुटुंब परत येते तेव्हा बाई प्लास्टिकच्या पिशवीतून ओळखपत्र काढून माझ्यापुढे धरते आणि विचारते, “ताई, मनं नाव शे का यादीमा?” ओळखपत्र खरे, फोटो तिचा, यादीत नाव नाही. कार्ड हातात असल्यावर नाव जाते कसे, हे तिला कळत नाही, आणि मला तरी तिला काय समजावून सांगता येणार?

1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 20 स्वच्छ सांगते की तात्पुरते बाहेर गेल्याने कोणी त्या गावचा रहिवासी राहत नाही असे होत नाही. कलम 22 सांगते की रहिवासी नाही म्हणून नाव काढायचे तर त्या माणसाला आधी म्हणणे मांडायची संधी द्या. उसाच्या फडात बसलेल्या माणसाला घराच्या दारावर चिकटवलेली नोटीस ही संधी कशी होईल? बिहारमध्ये 2025 साली प्रारूप यादीतून सुमारे 65 लाख नावे गळली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 14 ऑगस्टला ती नावे कारणांसह जाहीर करायला लावली. आमच्या पाड्यांसाठीही तेच व्हावे. काढलेले प्रत्येक नाव, कारणासकट, ग्रामपंचायतीत आणि रेशन दुकानावर लावा. रेशन दुकानावर मुद्दाम म्हणते, कारण तिथे माणूस जातोच.

आणि शिबिरे घ्यायची तर माणसे असतील तेव्हा घ्या. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. कुठेही असला तरी पावरा माणूस त्या दिवसांत घरी येतो, मुकादमालाही ते ठाऊक असते. त्या बाजारात एक टेबल, नमुना 6 (नवे नाव घालायचा) आणि नमुना 8 (पत्ताबदल, दुरुस्तीचा) यांचे गठ्ठे आणि पावरी बोलणारा एक माणूस बसवा. दुसरी वेळ आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. सासरच्या लेकी तेव्हा माहेरी येतात. लग्न झालेल्या पोरीचे नाव माहेरच्या यादीतून पटकन जाते, सासरच्या यादीत मात्र वर्षानुवर्षे चढत नाही. तिला गाठायला आखाजीसारखा दिवस नाही. आता 1 जानेवारीसोबत 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या तारखांनाही 18 पूर्ण होणाऱ्यांची नोंदणी होते, तेव्हा अमुकच महिना हवा असा हट्ट कशाला?

बाहेरगावी राहूनच मत देता यावे म्हणून निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये राजकीय पक्षांना रिमोट मतदान यंत्र दाखवायला बोलावले होते. पक्षांनी शंका घेतल्या, त्या खोट्या होत्या असे मी म्हणत नाही, पण विषय तिथेच थांबला. 85 वर्षांवरच्या मतदारांना घरी मतदान, सैनिकांना टपाली मतदान हे जमले. तोडणी कामगाराचे तेवढे अडले आहे. ते होईपर्यंत निदान नोव्हेंबरात मतदान आले तर जिल्हा प्रशासनाने तोडणीच्या तळांवर एसटी पाठवाव्यात, सरकारी खर्चाने, कोणाच्या पक्षाचा झेंडा न लावता. कोणत्या मुकादमाची टोळी कुठे गेली आहे, ते पाड्यावरच्या कुठल्याही म्हातारीला विचारले तरी कळते.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
ता. चोपडा, जि. जळगाव