बंदुकीचे कपाट भिंतीला पक्के आहे का, हेही पाहावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात शेतसंरक्षणासाठी परवान्यावर दिलेल्या बंदुका गावोगावी आहेत. काही ठासणीच्या, काही बारा बोअरच्या काडतुसाच्या. रानडुक्कर, वानर आणि गवे भातशेतीत व बागायतीत उतरतात तेव्हा त्यांना पिटाळण्यासाठी बार काढावा लागतो, हे येथील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. बंदूक असावी की नसावी हा या पत्राचा विषय नाही. ती घरात ज्या कपाटात ठेवली जाते, ते कपाट भिंतीला कसे जखडलेले असते, एवढ्याच एका गोष्टीकडे मला आपल्या वाचकांचे आणि परवाना शाखेचे लक्ष वेधायचे आहे.

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना मागणाऱ्याला बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. ही हमी आपण सगळेच देतो आणि लोखंडी कपाट आणून, त्याला कुलूप लावून ती पाळली असे समजतो. मीही तसेच समजत होतो. गेल्या उन्हाळ्यात माजघराला रंग काढताना कपाटामागची भिंत खरवडायची म्हणून आम्ही दोघांनी कपाट जरा पुढे ओढले, तर चारपैकी तीन स्क्रू लाकडी गट्ट्यांसकट हातात आले आणि जमिनीवर मूठभर तांबडा भुगा पडला. बंदूक ठेवलेले, कुलूप लावलेले ते कपाट वर्षानुवर्षे केवळ स्वतःच्या वजनावर उभे होते. असे अरुंद कपाट दोन माणसे सहज उचलून टेम्पोत टाकतील आणि कुलूप रानात नेऊन सावकाश फोडतील, हा विचार त्या दिवशी मनात आला तो अजून गेलेला नाही.

दोष सुताराचा म्हणावा, तर त्याने ते काम इतर भिंतींत जसे करतात तसेच केले होते. आमची भिंत मात्र जांभ्या चिऱ्याची आहे. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि वारा लागून त्याचा बाहेरचा पापुद्रा कडक होतो; आत मात्र मातीने भरलेली छिद्रे तशीच राहतात. ठोकून किंवा पिळून फुगणारा अँकर बोल्ट भोकाच्या कडांवर दाब देऊन धरून राहतो. काँक्रीटमध्ये तो उत्तम बसतो, पण चिऱ्यात त्याच दाबाने कडा भुरभुरतात आणि बोल्ट जितका आवळावा तितका ढिला होत जातो. अशा भिंतीला केमिकल अँकर योग्य. ड्रिलने पाडलेले भोक ब्रशने घासून, फुंकून, धुळीचा कणही न ठेवता साफ करायचे, त्यात जाळीची नळी बसवून रसायन भरायचे, मग आट्यांची सळी सरकवायची आणि डब्यावर लिहिलेला वेळ पुरता जाऊ द्यायचा. घाईघाईने त्याच संध्याकाळी नट आवळला की सगळे काम वाया जाते. भोक दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात न घेता चिऱ्याच्या मध्यावर घ्यावे, आणि गिलाव्याची जाडी भोकाच्या खोलीत न धरताच सळीची लांबी ठरवावी, कारण गिलावा काहीच धरत नाही.

भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही आपलीच खोली असेल तर आणखी भक्कम उपाय आहे: बोल्ट आरपार काढून पलीकडे लोखंडी पट्टी लावायची. बाहेरच्या भिंतीत हे करू नये, कारण बाहेरून नट कापता येतो. शिवाय आमच्याकडच्या पावसात बाहेरची भिंत ओल धरते आणि बंदुकीची नळी गंजते. शक्यतो आतल्या भिंतीचा कोपरा निवडावा, म्हणजे कपाटाची पाठ आणि एक बाजू झाकली जाते आणि कटावणी घालायला जागा कमी उरते. बोल्टचे डोके किंवा नट कपाटाच्या आतूनच आवळलेला हवा, त्याखाली मोठा वॉशर हवा. खाली लादीचा पट्टा भिंतीपुढे आलेला असेल तर कपाट वरच्या बाजूला भिंतीपासून सुटे राहते. त्या फटीत लाकडी फळी भरल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत.

यात पैसा फारसा जात नाही, एक दिवस मात्र जातो. निवडणुकीच्या काळात बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला बोलावले जाते, तेव्हा कपाट रिकामेच असते. हे काम उरकून घ्यायला याहून चांगली वेळ नाही. आणि ज्यांची घरे शिमगा ते गणपती बंद असतात, त्यांनी कपाटावर विसंबून न राहता बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवून मगच मुंबईची गाडी धरावी. काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत. किल्ली देवघरात फोटोमागे ठेवण्याची सवय तर आजच सोडावी, कारण घरातल्या पोराबाळांना ती जागा सर्वांत आधी ठाऊक असते.

परवाना शाखेला माझी कळकळीची विनंती आहे. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे, त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळची पाहणीही आता पाच वर्षांनीच होणार. त्या वेळी घरी येणाऱ्या पोलिसांनी 'कपाट आहे' एवढे लिहून न थांबता कपाट उघडायला लावावे, आतले बोल्ट पाहावेत आणि दोन्ही हातांनी ते एकदा ओढून पाहावे. अहवालात भिंत कशाची आहे आणि कपाट कशाने जखडले आहे, यासाठी दोन ओळींची जागा ठेवली तरी पुरेल. माझ्या घरी असे कुणी ओढून पाहिले असते, तर त्या तीन स्क्रूंची गोष्ट मला फार आधी कळली असती.

आपला नम्र,
एक परवानाधारक बागायतदार,
तालुका सावंतवाडी