नागरिकत्वाच्या चौकशीला तारीख हवी, निर्णयाला मुदत हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या गावी बाजारओळीत कापडाचे दुकान चालविणारे एक सिंधी गृहस्थ २००१ साली सिंधमधून रीतसर व्हिसा घेऊन पत्नीसह आले, पुढे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर येथेच राहिले आणि कायद्याने सांगितलेली वर्षे पूर्ण झाल्यावर २०१४ साली त्यांनी भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज केला. अशा अर्जासोबत अर्जदाराच्या चारित्र्याविषयी दोन भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. त्यांतील एक माझे आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून या अर्जाचा प्रवास पहिल्या दिवसापासून पाहत आलो आहे. म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

कायद्याने घातलेल्या वर्षांबद्दल माझी तक्रार नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ६ आणि तिसऱ्या अनुसूचीनुसार अर्जापूर्वीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांत मिळून किमान ११ वर्षे भारतात वास्तव्य असावे लागते, चारित्र्य चांगले असावे लागते आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान असावे लागते. बाहेरून आलेल्या माणसाला आपला म्हणण्यापूर्वी देशाने त्याला पारखून घ्यावे, हे रास्तच आहे. पोलिसांनी चौकशी करावी, गुप्तवार्ता विभागाने करावी, शेजाऱ्यांना विचारावे. माझी तक्रार आहे ती ही वर्षे भरल्यानंतर सुरू होणाऱ्या प्रतीक्षेबद्दल, कारण कायद्यातील ११ वर्षे मोजता येतात आणि त्यांनंतरची मोजता येत नाहीत.

या गृहस्थांना आजवर तीन वेळा चौकशीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावण्यात आले. तिन्ही वेळा निरोप आदल्या दिवशी संध्याकाळी आणि तोही फोनवरून आला. लेखी पत्र एकदाही मिळाले नाही. आमच्या गावाहून जिल्ह्याचे ठिकाण ऐंशी किलोमीटर आहे आणि सकाळची पहिली एसटी चुकली तर कार्यालयात पोहोचेपर्यंत जेवणाची सुटी झालेली असते. पहिल्या खेपेला संबंधित कर्मचारी रजेवर होते. दुसऱ्या खेपेला पोलीस पाटलांचा दाखला जुना झाला म्हणून परत पाठविण्यात आले. दाखला जुना झाला होता, कारण अर्जच त्या कार्यालयात तीन वर्षे पडून होता. तिसऱ्या खेपेला, ऐन मे महिन्याच्या उन्हात, मीही सोबत गेलो होतो. त्या दिवशी जबाब झाला. अधिकाऱ्यांनी प्रश्न मराठीत विचारले, या गृहस्थांनी उत्तरेही आपल्या नेहमीच्या वऱ्हाडीत दिली, परंतु जबाब इंग्रजीत टंकलिखित झाला आणि तो वाचून न दाखविताच त्यावर सही घेण्यात आली. मराठी ही आठव्या अनुसूचीतील भाषा आहे. ज्या भाषेचे ज्ञान कायदा पात्रता म्हणून मोजतो, त्याच भाषेत अर्जदाराचा जबाब लिहून घेण्यास अडचण कोणती, हे मला आजही समजलेले नाही.

नियमांत मुदती नाहीत असेही नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी अर्ज आपल्या अहवालासह ६० दिवसांत राज्य शासनाकडे पाठवावा आणि राज्य शासनाने तो ३० दिवसांत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे पाठवावा, असे ठरलेले आहे. मात्र या मुदती टळल्या तर अर्जदाराने कोणाकडे जावे, याचे उत्तर त्याला कोणी देत नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने सात राज्यांतील १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती या सहा समुदायांच्या अर्जदारांना थेट नागरिकत्व देण्याचे अधिकार काही काळासाठी दिले होते. विदर्भातून त्या यादीत एकटा नागपूर जिल्हा होता. नागपुरात राहणाऱ्या अर्जदाराचा निर्णय जिल्ह्यातच होऊ शकत होता आणि आमच्यासारख्या आडवळणाच्या तालुक्यातील माणसाची फाइल मात्र मुंबईमार्गे दिल्लीला जात होती.

पुढे ११ मार्च २०२४ रोजी याच समुदायांसाठी केलेल्या २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याचे (सीएए) नियम लागू झाले. त्या सुधारणेच्या बाजूने आणि विरोधात देशात मोठी चर्चा झाली आहे. तो या पत्राचा विषय नाही. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या पात्र अर्जदारांसाठी वास्तव्याची अट ११ ऐवजी ५ वर्षांची झाली, अर्ज ऑनलाइन झाला, जिल्ह्यात टपाल खात्याच्या अधीक्षकांच्या आणि राज्यात जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखाली समित्या आल्या. आमच्या गृहस्थांना दहा वर्षे जुन्या अर्जाचे काय झाले ते न सांगता ‘आता नव्याने भरा’ असे सांगण्यात आले. त्यांनी सेतू केंद्रातून नव्याने भरला. या पद्धतीत अर्जदाराने जिल्हास्तरीय समितीपुढे स्वतः हजर राहून निष्ठेची शपथ घ्यावी लागते आणि वाजवी संधी देऊनही तो हजर न राहिल्यास अर्ज नामंजूर करण्याचा विचार होऊ शकतो. असे असताना आदल्या संध्याकाळचा फोन ही वाजवी संधी म्हणता येईल काय?

माझा पुतण्या अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. ग्रीन कार्डासाठी भारतीयांना तेथे किती वर्षे तिष्ठावे लागते हे विदर्भातील अनेक घरांना ठाऊक आहे आणि त्या व्यवस्थेची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ग्रीन कार्डानंतरची पाच वर्षे भरून त्याने नागरिकत्वाचा अर्ज केला, तेव्हा मुलाखतीची तारीख, वेळ आणि सोबत आणावयाची कागदपत्रे त्याला काही आठवडे आधी लेखी कळविण्यात आली. मुलाखतीत होणाऱ्या नागरिकशास्त्राच्या परीक्षेसाठी शंभर प्रश्नांची यादी आधीच खुली होती. त्यांतील जास्तीत जास्त दहा विचारले जात आणि सहा बरोबर आले की पुरे, असा त्या वेळचा नियम होता. याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय झाला नाही, तर अर्जदाराला संघीय न्यायालयात दाद मागता येते, अशी तेथील कायद्यातच तरतूद आहे. मुलाखत घेतली की शासनावर घड्याळ सुरू होते. आपल्याकडे जबाब झाल्यावर अर्जदाराच्या हाती काहीच उरत नाही.

ही प्रतीक्षा केवळ कागदावरची नसते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ तारखेपासून रद्द करण्याचा निर्णय झाला. हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील, असे सरकारने स्पष्ट केले होते, तरीही ती बातमी आली त्या रात्री या घरात कोणी जेवले नाही. मी त्यांच्याकडे बसून होतो. चोवीस वर्षे या गावात काढलेला माणूस मला विचारत होता की, गुरुजी, दुकान उघडू की नको.

त्यांची मुलगी २००९ साली आमच्याच तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जन्मली आणि माझ्या वर्गात शिकली. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळण्यासाठी आईवडिलांपैकी किमान एक जण भारतीय नागरिक असावा लागतो. म्हणून ती येथे जन्मूनही नागरिक नाही. आईवडील नागरिक झाले तर अज्ञान (अल्पवयीन) अपत्य म्हणून तिची नोंदणी होऊ शकते, पण ती अठरा वर्षांची होण्यापूर्वीच. मार्च २०२७ मध्ये ती अठरा वर्षांची होईल. वडिलांचा अर्ज ज्या टेबलावर आहे, तेथे ही तारीख कोणाला माहीत असेल असे मला वाटत नाही.

या रांगेत सारेच एका समुदायाचे नाहीत. येथील नागरिकाशी विवाह होऊन आलेल्या आणि कलम ५ खाली सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणी मागणाऱ्या, कोणत्याही धर्माच्या भगिनींनाही चौकशीचे हेच अनुभव येतात. तेव्हा मागण्या सर्वांसाठी एकच आहेत. चौकशीची सूचना किमान पंधरा दिवस आधी लेखी मिळावी; ती शक्य तेथे तहसील कार्यालयात व्हावी; जबाब मराठीत लिहून वाचून दाखवावा आणि त्याची प्रत अर्जदाराला द्यावी. जुना अर्ज बाद झाला असल्यास तसे कारणासह कळवावे. नागरिकत्व देणे हा केंद्राचा अधिकार असला तरी जिल्ह्यातील टप्पा राज्याच्या यंत्रणेकडेही असतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने दाखल्यांसाठी मुदत, विलंबाचे उत्तर आणि अपील अशी पद्धत घालून दिली आहे. तीच जिल्ह्यातील या टप्प्याला लावावी. जबाबानंतर किती दिवसांत निर्णय द्यायचा, हे केंद्राने नियमांत लिहावे आणि तो न झाल्यास अर्जदाराने कोणाकडे दाद मागायची, तेही लिहावे.

विदर्भातील लोकप्रतिनिधींनी आपापल्या जिल्ह्यात असे किती अर्ज कोणत्या टप्प्यावर आहेत, याची माहिती सभागृहात मागावी, अशी विनंती मी आपल्या वृत्तपत्राद्वारे करतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वऱ्हाड