टेकडी आणि गोळ्या

सातारा, २० फेब्रुवारी

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी पुण्याची गाडी सुटताना तू खिडकीतून हात हलवला नाहीस, ते मी मनाला लावून घेतलेले नाही. लागले आहे ते त्या दिवशी सकाळी मीच जे बोलले ते. "गोळ्या कसल्या खातेस, रोज तासभर टेकडी चढ, आपोआप बरे वाटेल," असे मी म्हणाले आणि तू भिंतीकडे तोंड फिरवून, "आई, झाडे बघून आजार बरा होत नाही," एवढेच म्हणालीस. आज तुझी चादर धुवायला काढली, तेव्हा उशीखाली मानसोपचारतज्ज्ञांनी तुला दिलेल्या गोळ्यांची स्ट्रिप सापडली. त्यात सहा गोळ्या शिल्लक आहेत. ती तू विसरलीस की माझे ऐकून ठेवून गेलीस? फोनवर तू "हो, हो" म्हणून विषय बदलतेस, म्हणून लिहीत आहे.

खरे सांगायचे तर माझेच बरोबर होते हे तुला दाखवून द्यावे, म्हणून मी रविवारपासून वाचत बसले होते. १९८४ साली रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासून निबंध प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हे वाचताना मला तुझी कोथरूडची खोली आठवली. तिची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, आणि भाडे परवडते म्हणून तीच घे, असे मीच म्हणाले होते.

पण इतकी वर्षे मुलांना विज्ञान शिकवून मला अर्धेच वाचून थांबता येईना. २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात काही जणांना नव्वद मिनिटे झाडाझुडपांतून आणि काहींना वाहत्या रस्त्याकडेने चालायला लावले. झाडांतून चालून आलेल्यांचे तेच ते विचार उगाळणे कमी झाले होते, आणि मेंदूच्या ज्या भागाचा या उगाळण्याशी संबंध आहे तोही शांत झालेला दिसला. मात्र ती सगळी माणसे मुळात निरोगी होती. म्हणजे तू म्हणालीस ते बरोबर होते, आणि मी जे बोलले ते अर्धवट माहितीवर बोलले. डॉक्टरांना न विचारता या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, हे तुला माझ्याहून चांगले माहीत आहे. तरी विचारते, घेत आहेस ना?

आजवर तुला सांगितले नव्हते, ते आता सांगते. तू चार महिन्यांची होतीस, तेव्हा मी दिवसचे दिवस बोलत नसे. तू रडायचीस आणि मला तो आवाज शेजारच्या घरातून यावा तसा ऐकू यायचा. त्याचे कारण तू होतीस असे कृपा करून समजू नकोस. त्या आजाराचे नावही आपल्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. एके दिवशी पहाटे अण्णा चपला घालून दारात उभे राहिले आणि "चल" म्हणाले. सासऱ्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानंतर रोज आम्ही अजिंक्यतारा चढत असू. ते पुढे, मी मागे, आणि मंगळाईच्या देवळापाशी पोहोचेपर्यंत दोघांत एक अक्षर नाही. परतताना ते थांबून यवतेश्वर, सज्जनगड, जरंडा अशी नुसती नावे घेत. कितीतरी आठवड्यांनी एका सकाळी, पाने झडलेल्या आणि लाल फुलांनी भरलेल्या काटेसावरीखाली मला तांबटाची टुकटुक ऐकू आली. तो पक्षी त्याआधीही रोज ओरडत असणार. त्या दिवशी घरी येऊन मी तुला अंगाला तेल लावून न्हाऊ घातले. मला किल्ल्याने बरे केले की दिवसांनी, हे आजही सांगता येत नाही. पण तेव्हा कोणी डॉक्टरांकडे नेले असते, तर तुझे पहिले हसू तरी माझ्या लक्षात राहिले असते.

म्हणून त्या गोळ्यांची मला भीती वाटते तशीच त्या सुटण्याचीही वाटते. तू कोणी हात धरून न नेता स्वतः मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलीस, एवढे धैर्य माझ्यात नव्हते.

वेताळ टेकडी तुझ्या खोलीपासून दूर नाही. या दिवसांत तिथे गिरिपुष्प फिकट गुलाबी फुलते. आठवड्यातून दोनदा तरी जावे, सकाळच्या उन्हात जावे, कानात काही घालू नये, अंधारापूर्वी उतरावे, एकटीने आडवाटेला जाऊ नये... पाहा, पुन्हा मी वर्गात उभी राहिले. क्षमा कर. ज्या दिवशी अंथरुणातून उठवणार नाही, त्या दिवशी टेकडी राहू दे, गोळी तेवढी घे.

स्ट्रिप मंगळवारी दादाबरोबर पाठवते. त्याने काही विचारायचे नाही, असे त्याला बजावले आहे. तुला चालायचे असेल तर तो टेकडीवर बरोबर येईल. अण्णांसारखाच तोही वाटेत बोलत नाही. राहिलेल्या गोळ्या मी मोजल्या, याबद्दल रागावू नकोस.

तुझी,
आई