व्हिसाचं विचारत नाहीये, सिनेमाचं सांगतेय

चि. पिऊ,

अमेरिकेतली नोकरी गेली, आता व्हिसाचं काय, असं विचारलं तर काल चिडून फोन ठेवून दिलास म्हणून लिहितेय. व्हिसाचं काही विचारणार नाहीये, घाबरू नकोस.

दिवाळीत तू टीव्हीवर जुन्या इंग्रजी सिनेमांची यादी लावून गेलीस ना, जेवणं आटोपली की आम्ही दोघं तेच बघत बसतो. आमच्या वेळी इंग्रजी सिनेमा म्हणजे अलका नाहीतर राहुल टॉकीज, तिथे तुझे बाबा आणि मामा जायचे, आम्ही मुली कुठल्या जाणार आणि कळणार तरी काय होतं. आता खाली अक्षरं येतात, वाक्य निसटलं की बाबांना मागे घ्यायला लावते, ते वैतागतात पण घेतात. १९३४ चा 'इट हॅपन्ड वन नाइट' लावला तर बाबा ओरडलेच, अगं हा तर आपला 'चोरी चोरी'! मला क्लार्क गेबल राज कपूरपेक्षा आवडला हे त्यांना अजून पचलेलं नाही.

पण परवा 'कॅसाब्लांका' बघितला. १९४२ चा. मला वाटलं प्रेमकथा असेल, तर नाझींपासून पळालेली माणसं, सगळं गाव व्हिसासाठी ताटकळलेलं! पॅरिसहून मार्सेय, मग आफ्रिकेतून कॅसाब्लांका, तिथून लिस्बन आणि मग अमेरिका, आणि कागद नसेल तर बसा तिथेच. एक बल्गेरियन पोरगी आहे, नवऱ्याबरोबर पळून आलेली, तुझ्याहून लहानच असेल. तो बिचारा व्हिसाच्या पैशासाठी जुगारात हरत चाललेला. मग हंफ्री बोगार्ट येऊन हळूच सांगतो २२ नंबरवर लाव. जिंकतो. तिथेच राहू दे म्हणतो, परत जिंकतो. मी रडले, बाबा म्हणाले अगं सिनेमा आहे. नंतर मोबाईलवर वाचलं तर ते जुगाराचं चाक फिरवणारा नट मार्सेल दालिओ खरंच पॅरिसहून जीव घेऊन पळालेला, त्याचे चिलीचे व्हिसा खोटे निघाले आणि मेक्सिकोत अडकला होता. नाझी मेजर झालाय तो कॉनराड फाइट, तोही बायको ज्यू म्हणून जर्मनी सोडून आलेला. म्हणजे सिनेमात सगळे मिळून फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हणतात तेव्हाची रडारड सगळी काही नाटकी नसणार.

नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला नाहीतर परत यायला ६० दिवसांपर्यंत मिळतात असं मंदामावशीच्या सुनेने सांगितलं. त्यातले किती गेले ते तू सांगत नाहीस. वकिलाशी बोल, सगळं लेखी घे, सेव्हिंगला हात लावू नकोस, भाड्याचं घरमालकाला आधीच सांगून ठेव, आणि रोज नूडल्स खाऊन... बघ, झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आपल्या वाड्यातून एवढ्या लांब एकटी गेलेली तू पहिली, मी अजून सगळ्यांना सांगत असते.

तुला आठवतं का, मुंबईत बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटबाहेर, तुझ्या व्हिसाच्या वेळी? आत काही नेऊ देत नव्हते म्हणून मी तुझा फोन, पर्स, ती पाण्याची बाटली सगळं धरून फुटपाथवर उभी, ऊन मी म्हणत होतं. तू बाहेर आलीस तर हातात पासपोर्टच नाही, माझ्या पोटात धस्स झालं, म्हटलं काढून घेतला. आणि तू हसत म्हणालीस, आई, ठेवून घेतला म्हणजेच मिळाला! मग आपण तिथेच गाडीवर सँडविच खाल्लं, तू दोन खाल्लीस. तेव्हा मी किती खूश होते आणि रात्री किती रडले हे बाबांनाही माहीत नाही.

परत यावं लागलं तर ये गं. तुझी खोली तशीच आहे, फक्त बाबांची रद्दी आहे ती हलवू. आणि नाही आलीस तरी छानच. मी काय म्हणतेय मलाच कळत नाहीये.

आज मर्लिन मन्रोचा तो 'बनवाबनवी'सारखा दोन बाप्ये बायका होतात तो लावणार आहोत. तुझ्या रविवारी सकाळी फोन कर, सिनेमाचंच बोलू. फक्त एवढंच सांग, नोकरी गेली की तिकडे आरोग्य विमा चालू राहतो का गं?

आई