टीव्हीच्या खोक्यावर तीन आकडे छापा: ग्राहक व्यवहार मंत्र्यांना अमळनेरहून खुलं पत्र

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

सा. न. वि. वि.

घटस्थापनेच्या दिवशी, 22 सप्टेंबर 2025 ला, 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. आमच्या घरी त्याचीच वाट पाहणं चाललं होतं. जुना टीव्ही ऐन श्रावणात, आमच्या खान्देशातल्या कानबाई देवी बसायच्या आदल्या दिवशी गेला होता. पाहुण्यांनी भरलेल्या घरात भिंतीवर नुसते दोन खिळे. तरी म्हटलं, जीएसटी उतरणार म्हणतात, थांबू. थांबलो, आणि नवरात्रात जळगावला जाऊन 43 इंची टीव्ही पसंत केला. आधी तो 35,200 रुपयांना होता, आता 32,450. सरळ 2,750 रुपये वाचले. त्याबद्दल सरकारचे आभार. हे उपरोधाने लिहीत नाही.

बिल करताना काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू ना? 2,999 फक्त. जीएसटीत पावणेतीन हजार वाचलेच आहेत, वर अडीचशे टाका आणि तीन वर्षं निवांत झोपा."

मी 31 वर्षं शाळेत गणित शिकवलं. वजाबाकी त्याची बरोबर होती. खटकलं ते "तीन वर्षं". कारण पहिल्या वर्षाची हमी कंपनी टीव्हीबरोबर देतेच, ती काही हा विकत नव्हता. म्हणजे 2,999 रुपये दोन वर्षांचे, आणि तेही आज द्यायचे, लागू व्हायचे पुढच्या नवरात्रात. खोक्यावरचा बारीक मजकूर वाचला तर आणखी एक गोष्ट निघाली: पॅनलला कंपनीचीच दुसऱ्या वर्षाची हमी होती. टीव्हीत खरा महाग भाग म्हणजे पॅनल, तो समोरचा पडदा. बाकीचे बोर्ड आणि पट्ट्या त्यामानाने किरकोळ. तर ज्या भागासाठी माणूस घाबरून पैसे मोजतो, त्याच्यापुरता हा सौदा एकाच वर्षाचा, तिसऱ्या.

तरीही मी लगेच नाही म्हटलं नाही. हो किंवा नाही ठरवायचं तर हिशेब मांडला पाहिजे, आणि हिशेबाला मला तीन आकडे हवे होते. या मॉडेलचं पॅनल बदलायला आज किती रुपये लागतात? या कंपनीच्या शंभर टीव्हींपैकी किती टीव्ही पहिल्या तीन वर्षांत दुरुस्तीला येतात? आणि या मॉडेलचे सुटे भाग कोणत्या सालापर्यंत मिळतील? मुलाने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर भला माणूस, त्याने आधी चहा मागवला. मग कंपनीच्या माणसाला फोन लावला, त्याने आणखी कुणाला तरी. पाऊण तास गेला, माझी अमळनेरची गाडीही गेली. तीनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही.

म्हणून मंत्रीमहोदय, हे पत्र तुम्हाला. त्या मुलाला लिहून काय उपयोग?

हिशेब कसा होतो ते सांगतो, म्हणजे हे आकडे का हवेत ते लक्षात येईल. समजा पॅनल बदलायला 20,000 लागतात. तर 2,999 भरणं परवडायला त्या मुदतीत शंभरातल्या निदान पंधरा टीव्हींचं पॅनल जायला हवं. शंभरात पंधरा! एवढी पॅनलं खरोखर जात असतील तर तो टीव्ही विकू देता कामा नये, आणि जात नसतील तर हे 2,999 कशाचे? सातवी-आठवीच्या मुलांना पटेल असं हे गणित आहे. पण त्यातला 20,000 हा माझा अंदाज आहे, पंधरा त्यातून निघाला, आणि खरे आकडे फक्त कंपनीकडे आहेत. कंपन्या म्हणतील, हे धंद्याचं गुपित. असेल. मात्र 2,999 ही किंमत कुणी स्वप्नात पाहून ठरवलेली नाही. किती टीव्ही बिघडतात आणि दुरुस्तीला काय लागतं, हे माहीत असणाऱ्यानेच ती काढली आहे. विकणाऱ्याच्या हातात पत्ते उघडे आणि घेणाऱ्याने डोळे मिटून डाव लावायचा, अशी ही खरेदी आहे. त्यावर पुन्हा 18 टक्के जीएसटी, म्हणजे त्या 2,999 मध्ये साडेचारशेच्या वर तुमच्या तिजोरीत. असो.

आता आमच्या खान्देशाबद्दल थोडं, कारण दिल्लीत बसून ते दिसणार नाही. इथे टीव्ही मरतो तो कंपनीच्या चुकीने कमी आणि लाइटीने जास्त. कुठे खांबावर न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, सैल होतो आणि 230 व्होल्टच्या घरात चारशेच्या आसपास व्होल्टेज शिरतं. गल्लीतल्या पाच घरांचे पंखे, फ्रीज, टीव्ही एका झटक्यात जातात. रोहिणी-मृगाच्या पावसात वीज कुठे तरी शेतात पडते आणि डिशच्या वायरवाटे आत येते. उन्हाळा तर विचारू नका. माझ्या नव्या टीव्हीच्या पुस्तिकेत वापराचं तापमान 40 अंशांपर्यंत दिलंय. आमच्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे पारा 45 ला टेकतो, म्हणजे लेकी माहेरी आल्या की माझा टीव्ही नियमबाह्य चालतो.

आणि वॉरंटीचा कागद नेमकं हेच वगळतो. व्होल्टेजचा चढउतार, वीज पडणं, "बाह्य कारणं". हे मी ऐकीव सांगत नाही. आधीच्या टीव्हीला मी अशीच जादा वॉरंटी घेतली होती, हौसेने, पूर्ण पैसे रोख भरून. दुसऱ्याच पावसाळ्यात एका रात्री कडकडाट झाला आणि टीव्ही काळा. तंत्रज्ञ आला बारा दिवसांनी. मागचं झाकण उघडलं, बोर्डाचा फोटो काढला, "बाह्य विद्युत कारण" असं लिहून सही घेतली आणि गेला. पुढे महिनाभर मी फोन करत होतो आणि दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगत होतो. शेवटी माझा एक जुना विद्यार्थी टीव्ही दुरुस्त करतो, त्याने 1,800 रुपयांत बोर्ड बसवून दिला. त्यावर तो टीव्ही आणखी पाच वर्षं चालला.

या वेळी जळगावहून परतल्यावर त्यालाच विचारलं. तो हसला. "सर, तुमले कसाले जोयजे तो कागद?" मग त्याने मला जे सांगितलं ते कुठल्याही दुकानात सांगत नाहीत. टीव्ही बहुधा दोन वेळी बिघडतो: एक तर अगदी नवा असताना, कारखान्यातला दोष असेल तर, आणि तो काळ कंपनीच्या फुकट हमीत येतो. नाही तर म्हातारपणी, पडद्यामागच्या दिव्यांच्या, म्हणजे बॅकलाइटच्या, पट्ट्या जळायला लागतात, बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे कपॅसिटर वाळतात. कपॅसिटरबद्दल त्यांच्या धंद्यात एक ठोकताळा आहे, दर दहा अंश उष्णता वाढली की आयुष्य साधारण निम्मं. मधली जी दुसरी-तिसरी वर्षं, ती टीव्हीची तरुणपणाची. जादा वॉरंटी विकली जाते ती नेमकी या तरुणपणासाठी. "त्या पैशात आर्थिंग करी ल्या सर," तो म्हणाला. मी केलं. खड्डा, पट्टी, कोळसा-मीठ, मजुरी आणि एक चांगला सर्ज प्रोटेक्टर धरून 2,999 मधले पैसे उरले. न्यूट्रल गेला तर मात्र आर्थिंगही टीव्हीला वाचवेलच असं नाही, तेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

तर मी वॉरंटी घेतली नाही. चुकलो असेन. आकडे नसताना घेतलेला निर्णय बरोबर ठरला तरी तो नशिबानेच. माझ्याबरोबर धरणगावचे साडू होते, त्यांनी त्याच काउंटरवर घेतली. त्यांचा टीव्ही 65 इंची, ओएलईडी, त्याचं पॅनल गेलं तर दुसरं घर बांधायचं की पॅनल बदलायचं असा प्रश्न पडेल. त्यांचं मी चूक म्हणत नाही. पण त्यांनी काय घेतलं हे त्यांना घेतल्यानंतर कळलं. अटी आधी दाखवा म्हटलं तर उत्तर मिळालं, "बिल झालं की मोबाइलवर लिंक येते." लिंक आली. इंग्रजीत, चौदा पानं. आम्ही दोघं रात्री चष्मे लावून बसलो. दुरुस्ती शक्य नसेल तर नवा टीव्ही नाही, घसारा वजा करून उरलेल्या रकमेचं कूपन. एकदा कूपन दिलं की योजना संपली. सेवा केंद्र ठराविक अंतरापलीकडे असेल तर येण्या-जाण्याचा खर्च ग्राहकाचा. साडू नुसते "हं" म्हणाले आणि मोबाइल उलटा ठेवला.

अमळनेरला कागदाची किंमत कुणी शिकवायला नको. 1945 साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, पुढे त्याचीच विप्रो झाली, आणि ज्यांनी तिचे शेअर ट्रंकेत जपले त्यांची नातवंडं आज सुखात आहेत. पण त्या कागदावर काय लिहिलंय ते पैसे देण्याआधी वाचता येत होतं.

आयुर्विम्याची पॉलिसी घेतली तर कागद वाचून ती परत करायला आज 30 दिवस मिळतात. साडूंच्या कागदात अशी सोय आम्हाला चौदा पानांत सापडली नाही. ही वॉरंटी विम्यासारखीच चालते, हप्ता आधी आणि भरपाई झाली तर नंतर, पण विम्याचे नियम तिला नाहीत. ऑनलाइन खरेदीत ग्राहकाला न विचारता टोपलीत जादा वस्तू सरकवणं हे तुमच्याच खात्याखालच्या प्राधिकरणाने 2023 च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित ठरवलं. चांगलं झालं. आता दुकानात फायनान्सवाल्याच्या टॅबवर वॉरंटी हप्त्यात मिसळून "महिन्याला फक्त एवढे" असं दाखवतात, तिकडेही एकदा पाहा. हप्त्यात मिसळली की तिची वेगळी किंमत कुणी विचारत नाही.

मला ठाऊक आहे की दाद मागायची सोय आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तक्रार आता राहत्या जिल्ह्यातच करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, 1915 या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरावर फोन लागतो. आधीच्या टीव्हीच्या वेळी मीच गेलो नाही, दोन वर्षांची मुदत तशीच जाऊ दिली. 1,800 रुपयांच्या बोर्डासाठी सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने जळगावच्या ग्राहक आयोगात तारखा कशा करायच्या? मला न्याय नको होता, मला आधी माहिती हवी होती.

आणि ती देणं तुमच्या हातात आहे. पाकीटबंद मालाचे 2011 चे नियम तुमच्याच मंत्रालयाचे. त्यांच्यामुळे आज पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावरही वजन, किंमत, महिना-साल, कंपनीचा पत्ता, तक्रारीचा नंबर सगळं छापलेलं असतं. माझ्या टीव्हीवर विजेच्या बचतीचे तारेही चिकटवलेले होते, वर्षाला किती युनिट लागतील ते सांगणारे. बत्तीस हजारांच्या त्याच खोक्यावर पॅनलची किंमत, सुटे भाग मिळण्याचं शेवटचं साल आणि शंभरात बिघडणाऱ्यांचा आकडा यांना जागा होणार नाही? जागा नसेल तर क्यूआर कोडमध्ये द्या, आमची नातवंडं उघडून दाखवतील. युरोपीय संघात 2021 पासून टीव्हीचे ठराविक सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही सात वर्षं पुरवावे लागतात. फ्रान्समध्ये त्याच वर्षापासून टीव्ही दुरुस्तीला किती सोपा आहे याचे दहापैकी गुण दुकानात किमतीशेजारी लावावे लागले. आपल्याकडे 2022 च्या ग्राहक दिनाला, 24 डिसेंबरला, दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू झालं. दुरुस्ती निर्देशांकासाठी 2024 मध्ये समिती नेमली, 2025 मध्ये तिचा अहवालही आला. जळगावच्या त्या काउंटरपर्यंत त्यातलं काही पोचलेलं मला दिसलं नाही.

आणखी एक मागणी, ही साडूंच्या वतीने: जादा वॉरंटीच्या पूर्ण अटी पैसे घेण्याआधी, मराठीत, आणि काय मिळणार नाही ते पहिल्या पानावर.

सोबत माझ्या जुन्या वॉरंटीच्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे. त्यातला अकरावा मुद्दा पाहावा, "बाह्य विद्युत कारण" तिथे आहे. छपाई फार बारीक आहे, मी तो भिंगाखाली वाचला. भिंग पाठवता आलं नाही, घरात एकच आहे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
अमळनेर, जि. जळगाव